लिटरला दोन पळ्या

जेवणं उरकतात, भांडी पालथी होतात आणि रत्नमाला सोप्यात चटईवर घटकाभर आडवी होते. डोळा लावायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलेलं असतं. चार वाजता लेक उज्ज्वला शाळेतून येणार आहे. कोनाड्यात तेलाच्या तीन बाटल्या ठेवून ती सकाळी तिथं शिकवायला गेली, ती जाताना सांगून गेली, "आई, आप्पा गाडीत कुठलं तेल घालत होते ते आठवून ठेव. चुकीचं गेलं तर इंजिन जाम होईल, मग गाडी भंगारातच घालावी लागेल."

आता आठवायचं कुणी, तर रत्नमालेनं. चाळीस वर्षं तिचे यजमान आप्पासाहेब नलवडे या घरात तेलाबद्दल बोलत होते आणि चाळीस वर्षं ती "हं, हं" करत भाकरी थापत होती. दोन वर्षांपूर्वी आप्पासाहेब गेले. त्यांची येझदी फटफटी तेव्हापासून सोप्यातच चादरीखाली उभी आहे. ती भंगारात गेली म्हणजे घरातलं त्यांचं सगळंच गेलं, अशी रत्नमालेला भीती आहे.

बाटल्यांवरची अक्षरं बारीक होत जातात. पंख्याची घरघर लांब जाते आणि लांबूनच फटफट फटफट करत परत येते.

"झोपलीस व्हय?"

आप्पासाहेब चादर बाजूला सारून गाडीवर बसलेले. अंगात लग्नानंतरच्या पहिल्या थंडीतला तपकिरी स्वेटर, केस काळेभोर. रत्नमालेला नवल वाटत नाही, राग येतो. दोन वर्षं कुठं होतात, असं तिला विचारायचं असतं. पण ओठापर्यंत येईतो राग विरघळतो.

"जेवलात का?" एवढंच ती विचारते.

"जेवतो मागनं. आधी त्या बाटल्या आण बघू."

ती कोनाड्यात हात घालते, तर कोनाडा आजरा रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर आहे. फळीवर तिचेच मसाल्याचे डबे ओळीनं लावलेले, आणि त्यांच्या शेजारी तिन्ही बाटल्या. आप्पासाहेब पहिली उघडतात, थेंबभर तेल अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळतात. हे त्यांचं ठरलेलंच. तेल बोटाला कळतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

"हे हल्लीच्या गाड्यांचं. इंजिनाच्या पोटात पडून राहणारं. आपल्या गाडीत तेल पेट्रोलात मिसळून जळतं. हे नीट जळायचं न्हाई, नुसती काजळी धरंल."

"मग हे? हे लई महाग दिसतंय."

"महाग म्हणून चांगलं व्हय? हे शर्यतीच्या गाड्यांचं. म्हातारीला तिच्या पोटाला पचंल ते घालावं." ते तिसरी बाटली उचलतात. "हे बघ, साधं टू-स्ट्रोकचं. हेच."

"पण तुम्ही तर एरंडेल घालत होता. सगळ्या घराला वास."

"ते शेवटच्या वर्षी. तरणा असताना शर्यतीला घालायचो, तसा वास एकदा यावा म्हणून." ते हसतात. "आणि तू आठवडाभर तेच प्यायल्यागत तोंड करून हिंडलीस."

आता घाट आहे, आंबोलीचा. धुकं इतकं की पुढचं चाक दिसत नाही. ती मागं बसली आहे, एक हात त्यांच्या खांद्यावर आणि मांडीवर बाटली. खांदा उबदार आहे. हा घाट संपू नये, असं तिला वाटतं.

"म्हणून सांगतो," आप्पासाहेब मागं न बघता म्हणतात, "टाकी आधी रिकामी करा. एरंडेल तळाला चिकट झालं असंल. पेट्रोलनं धुऊन काढा. एरंडेल आणि हे तेल एका टाकीत घातलं तरी मिसळत न्हाई. तुझं न् अक्काचं जसं."

अक्का म्हणजे थोरली जाऊ, तीन गल्ल्या पलीकडं राहते. एकतीस वर्षांपूर्वी अक्का पुरणपोळ्या लाटायला आली होती, आणि त्याच दिवशी रत्नमालेच्या आईनं दिलेली पितळी पळी दिसेनाशी झाली. पुढच्याच आठवड्यात हळदीकुंकवाला चारचौघींत रत्नमाला म्हणाली, "आमच्या घरात पळीलासुद्धा पाय फुटतात." अक्कानं हातातलं वाण खाली ठेवलं आणि ती निघून गेली. सुखदुःखाला अजून येते, सोप्यात बसते. स्वयंपाकघराचा उंबरा तिनं पुन्हा ओलांडला नाही.

"तिचं नाव काढू नका," रत्नमाला म्हणते. "तेल किती घालायचं तेवढं सांगा."

"लिटरला दोन पळ्या."

"कुठल्या पळ्या?"

गाडी थांबते. आप्पासाहेब खाली उतरतात आणि मान खाली घालून उभे राहतात.

"तुझ्या आईच्या," ते म्हणतात.

मग रत्नमाला म्हणते, "गाडीच्या पेटीत काय खुळखुळतंय म्हणून मी शंभरदा विचारलं. पाना आहे म्हणालात."

"पाना बी होता."

तिला हसू येतं आणि त्यांना दोन रट्टे द्यावेसे वाटतात. "अहो, एकतीस वर्षं. अक्का माझ्या चुलीपाशी आली नाही."

"वापरून जागेवर ठेवणार होतो. तोवर तू चारचौघींत बोलून बसलीस. सांगावं तर तू खोटी पडतीस, न सांगावं तर अक्का चोर ठरते. मग मी तेलाचंच बोलत राहिलो."

"आणि मी काही ऐकलं नाही."

"ऐकत हुतीस. न्हाईतर आत्ता मला एवढं सांगता आलं असतं व्हय?"

ते तिचा हात हातात घेतात, बाटलीतला एक थेंब तिच्या अंगठ्यावर सोडतात आणि हळूहळू चोळतात. "कळलं का?" असं काहीसं म्हणतात. पंखा घरघरतो.

पावणेचार. रत्नमाला उठते, खिळ्यावरची किल्ली काढते आणि गाडीची चादर ओढते. बाजूच्या पेटीचं कुलूप जरा कुरकुरतं. आत पाना आहे, आणि आप्पासाहेबांच्या निळ्या रुमालात गुंडाळलेली पळी. काळी पडली आहे, पण दांड्यावर कोरलेलं आईचं नाव बोटाला लागतं. आतल्या बाजूनं अंगठा फिरवला तर तो चिकटतो. त्याला एरंडेलाचा वास आहे. रत्नमाला तिथंच गाडीला टेकून रडते, मनसोक्त.

उज्ज्वला येते तेव्हा आईचे डोळे लाल आणि हातात पळी.

"आठवलं का तेल?"

"ते साधं. टाकी आधी पेट्रोलनं धुऊन काढ. लिटरला या दोन." ती पळी पुढं करते. "आणि गाडी सुरू झाली की पहिल्यांदा मला अक्काच्या दारात सोड."

लेक पळीकडं बघते, मग आईकडं. तिला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे. "माप झालं की घासून देऊ?" ती हळूच विचारते.

"नको," रत्नमाला म्हणते. "तेलकटच राहू दे. तिला तशीच दाखवायची आहे."