मागंपुढं सात

नव्वदच्या दशकात मंचरच्या स्टँडवर ते गृहस्थ मला रोज भेटत. हवाई दलात लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले. नाव मी कधी विचारलं नाही. गाडी लागली की ते आधी टायरवरून तळवा फिरवत, पत्रा बोटांनी वाजवत, मगच चढत.

"पावणं, यष्टी इकत घेताय का?" कंडक्टर चिडवी.

"बैल घेताना दात बघतोस ना? तसंच हाय."

एकदा पेपरात नव्या प्रवासी विमानाचा फोटो होता. मी विचारलं, "ह्याच्या नावातल्या आकड्यात मागंपुढं सातच का?"

"कानाला बरं वाटतं म्हून. जाहिरातवाल्यांचं काम, झटकन व्हतं."

"आणि लढाऊ विमान कसं निवडतात?"

"समिती बसती. परदेशात जाऊन बघून येती. तवर सरकार बदलतं. मग नवी समिती." पेपरची घडी करत ते हळूच म्हणाले, "माझं पोरगं जुन्यावरच उडतंय, राव. तसली इंजिनं मी ह्या हातांनी उघडल्यात."

पुढच्या उन्हाळ्यात सरावात ते जुनं लढाऊ विमान कोसळलं. मुलगा वाचला नाही.

पंधरवड्यात गावच्या चौकाला त्याचं नाव दिलं. मीही गेलो होतो. पुढाऱ्यांनी फलकावरचा पडदा ओढला आणि ते हौतात्म्यावर अर्धा तास बोलले. ते मंचावरून उतरताना ह्या गृहस्थांनी त्यांना गाठलं.

"सायेब, नवं इमान ठरलं का?"

"प्रक्रिया चालू आहे, काका."

"आन् चौकाचं नाव?"

"ते काय, एका बैठकीत झालं की!" पुढारी अभिमानानं म्हणाले.