नलूमावशीच्या छतातलं धुवण

मंडळी, भूत या धंद्यात मी आजवर फक्त पुरवठादार होते, गिऱ्हाईक कधीच नाही. सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये पांढरी साडी नेसून, केस पिंजारून किंचाळत येणारी बाई म्हणजे मी. पलंगाखालून भाच्यांचे पाय धरून त्यांना रडवणारी आत्याही मीच. पडद्यामागचा सगळा मसाला ठाऊक असलेल्या बाईचा असल्या गोष्टींवर विश्वास कसा बसणार? नव्हताच. आजही बसलाय असं मी म्हणणार नाही. घडलं ते सांगते, पुढचं तुम्ही ठरवा.

ठिकाण — ठाणे, वर्तकनगर. चार मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर माझी आई एकटी राहायची. बरोबर तिच्याखाली, पहिल्या मजल्यावर, नलूमावशी — त्याही एकट्या. मावशी सख्ख्या नात्यातल्या नव्हेत, सख्ख्या वैरातल्या.

वैराचं मूळ म्हणजे आईच्या मागच्या बाल्कनीतला कढीपत्ता. आई रोज सकाळी भाताचे तांदूळ धुवायची आणि ते पांढरं धुवण त्या कुंडीत ओतायची. झाडाला याच्यासारखं टॉनिक नाही, असं तिचं ठाम मत. झाड फोफावलं, पण पाणी कुंडीतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून थेट नलूमावशींच्या ओट्यावर. कारण मावशींनी आपली बाल्कनी आत घेऊन तिथे ओटा बांधलेला.

"बाल्कनीत स्वयंपाक करायला कुणी सांगितलं?" — आई, वरून वाकून.

"बाल्कनीत शेती करायला कुणी सांगितलं?" — मावशी, खालून मान वर करून.

पुढे पुढे वाकायलाही दोघींच्या कमरा तयार होईनात. मग पद्धत बदलली. थेंब पडला की मावशी जळमटं काढायच्या झाडूची दांडी घेऊन छत ठोकायच्या — ठक ठक ठक. आई उत्तरादाखल बत्ता फरशीवर आपटायची — धप्, धप्. याचा अर्थ, ऐकलं, आणि मी काहीही करणार नाही. वर्षानुवर्षं रोज सकाळी हा प्रयोग हाऊसफुल्ल. मी माहेरी गेले की चहा घेऊन खास ऐकायला बसायचे.

मागच्या थंडीत आई गेली. मटार सोलता सोलता, खुर्चीतच. मी रडले नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय. खरं तर मला कळतच नव्हतं की इतकी बोलकी बाई गप्प कशी होऊ शकते. दिवसकार्य झालं, कढीपत्त्याची कुंडी मी कल्याणला माझ्या घरी आणली, गच्चीवरच्या टाकीचा त्या फ्लॅटच्या पाण्याचा कॉक बंद केला, कुलूप लावलं.

आणि ऐन मे महिन्यात फोन.

"बेबी, तुझी आई परत सुरू झाली गं!"

पन्नाशी ओलांडलेली बेबी म्हणजे मीच. "काय झालं मावशी?"

"व्हायचंय काय? पोळ्या लाटतेय नि वरून टपटप. मेली तरी खोड जाईना बाईची!"

फोन ठेवला आणि मी पोट धरून हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. आई गेल्यापासूनचं पहिलं रडणं... असो.

त्यानंतर रोज सकाळी फोन. आज इतकं गळलं, आज कणकेत पडलं, आज डोळ्यात. मला वाटलं, बिचाऱ्या वैतागल्यात. आवाजात तरतरी होती हे मला ऐकू यायला हवं होतं. मी नाटकवाली ना! पण नाही आलं.

मग एके दिवशी छताचा पोपडा सुटून शेगडीवर आदळला. मावशी नशिबाने दाराशी भाजी घेत होत्या. मी घाबरले आणि वॉटरप्रूफिंगवाले शोधले. सावंत म्हणून होते, खिशात टॉर्च, बोलणं डॉक्टरसारखं. मावशींनी त्यांना जमेल तेवढं लांबवलं. सोमवारी पाहुणे, मंगळवारी डोकं दुखतंय, बुधवारी "फोडाफोडीला दिवस बरा नाही." शेवटी एका रविवारी मीच कल्याणहून एसटीने ठाण्याच्या खोपट डेपोला उतरले, रिक्षा केली आणि सावंतांना घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

सावंतांनी टॉर्च मारला. छतातल्या सळ्या गंजून फुगलेल्या, प्लास्टर सुटलेलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत एक थेंब जमला, लोंबला, पडला. पांढरट.

"हा स्लॅबमधला चुना," सावंत म्हणाले. "पाण्याबरोबर उतरतो. कॉमन आहे."

"चुना?" मावशी फिस्सकन हसल्या. "वास घेऊन बघा की."

सावंतांनी बोटावर थेंब घेतला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. मग मी घेतला. मंडळी, तो तांदळाचा वास होता. साध्या तांदळाचा नव्हे, आंबेमोहराचा.

"एरवी कोलम असतो," मावशी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "आज रविवार ना!"

रविवारी आंबेमोहर. आमच्या घरची रीत.

"कुठेतरी जुनं पाणी अडकलेलं असेल," सावंत म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. मावशींनी सवयीने कोपऱ्यातली दांडी उचलली आणि छताला लावली. ठक ठक ठक.

वरून आलं — धप्, धप्.

फ्लॅटची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स दाबून धरली, वेड्यासारखी. सावंत टॉर्च विझवायचा विसरले. मावशी एकट्याच शांत. "बघ," त्या म्हणाल्या, "अजून मग्रुरी तीच."

मी आणि सावंत धावत वर गेलो. कुलूप तसंच. आत बाल्कनीच्या फरशीवर धुळीचा थर, त्यावर माझ्या जुन्या पावलांचे ठसे, बाकी काही नाही. कुंडीच्या जागी गोल डाग. हात लावला — कोरडा ठणठणीत. बत्ता स्वयंपाकघरात खलात उभा होता, जसा मी ठेवून गेलेले.

"मॅडम," सावंत घाम पुसत म्हणाले, "आवाजाचं मला विचारू नका. स्लॅबचं विचारा. हे छत पडणार. कधी ते सांगता येणार नाही, पण पडणार. वरून सील केल्याशिवाय खाली प्लास्टर करून काही उपयोग नाही."

काम सुरू झालं. वरच्या फरश्या उखडल्या, जुना कोबा काढला, भेगा भरल्या. खालून सळ्या घासून त्यांना गंजरोधक लावला. आणि या सगळ्यात, मंडळी, थेंब रोज सकाळी पडतच राहिला. वर उघडा स्लॅब उन्हात तापून भाकरीच्या तव्यासारखा, आणि खाली ओट्यावर पाणी. सावंतांची माणसं एकमेकांकडे बघायची आणि काम उरकायची.

शेवटचा केमिकलचा कोट द्यायच्या दिवशी मावशी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांनी केव्हाच जवाब दिलेला, शिवाय भांडण झाल्यापासून त्यांनी आईचा उंबरा ओलांडला नव्हता. धापा टाकत त्या बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या.

"थांबवा ते."

"आजी, आता शेवटचाच हात," सावंत म्हणाले.

"तोच नको म्हणतेय." मग माझ्याकडे वळून, "बेबी, गळू दे गं. माझी काही तक्रार नाही."

"मावशी, अहो छत पडेल! सळ्या बघितल्यात ना तुम्ही?"

"ओटा सरकवते मी. खाली पातेलं लावते."

"आणि डोक्यात पडलं म्हणजे?"

"पडू दे. वर जाऊन तिचीच मानगूट धरते!" मी हसेन असं त्यांना वाटलं असावं. मी हसले नाही, तशा त्या दाराला टेकल्या. "अगं, दिवसभर टीव्ही बोलतो माझ्याशी. त्याला उलट उत्तर देता येत नाही. तुझी आई... तिच्याशी भांडायचं म्हणून मी सकाळी उठायची गं. अजून उठतेय, ती तिच्याच जिवावर."

सावंत ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत होते. डब्यातून केमिकलचा उग्र वास येत होता. एका बाजूला माझी आई — असलीच तर. दुसऱ्या बाजूला हाडामांसाची म्हातारी, जिच्या डोक्यावर रोज ते छत लोंबत होतं. आईने काय सांगितलं असतं तेही मला पाठ होतं. 'त्या नलीला अक्कल नाही, तू बघ तिच्याकडे.' हे ती दर पावसाळ्यात सांगायची. मावशींना मात्र कधी कळू दिलं नाही.

"करा," मी म्हटलं.

आयुष्यात इतकी नाटकं केली, इतकं छोटं वाक्य कधी वाट्याला आलं नव्हतं. इतकं अवघडही.

ब्रश फिरला. मावशी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मग एकेक पायरी धरून खाली गेल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

कोट सुकल्यावर बाल्कनीच्या उंबऱ्याशी आळं बांधून सावंतांनी त्यात घोटाभर पाणी भरून ठेवलं. गळती तपासायची त्यांची पद्धत आहे ती. दोन दिवस पाणी साचून होतं. खाली छत कोरडं. तिसऱ्या दिवशीही कोरडं. सावंत खुशीत म्हणाले, "मॅडम, आता थेंब येणार नाही, माझी गॅरंटी!" त्यांना बिचाऱ्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय.

सकाळचे फोन बंद झाले. आठवड्याने मीच गेले. नवं छत पांढरंशुभ्र, ओटा स्वच्छ, आणि मावशी अजून अंथरुणात. ऊन पार आतपर्यंत आलेलं. मी चहा केला, बशीत ओतून दिला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"लोक आईला एकदाच पोचवतात, बेबी," त्या म्हणाल्या. "तू दोनदा पोचवलीस."

मी अजून दर रविवारी जाते. त्या दार उघडतात, एवढंच. भांडत नाहीत. मी मुद्दाम कुरापत काढते, चपला घालून आत जाते, चहात साखर जास्त घालते. तरी नाही.

तर मंडळी, हे असं आहे. वाचणाऱ्यांत इंजिनिअर असतील. ते लिहितील की स्लॅबमध्ये अडकलेलं पाणी महिनोन्महिने उतरत राहतं, वास हा मनाचा खेळ असतो, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये आवाज कुठूनही येतो. लिहा. जरूर लिहा, नीट आकृती काढून समजावा. एरवी अशा खुलाशांची मी टर उडवली असती. आता मी सगळे वाचते, पुन्हा पुन्हा वाचते. अजून एकही पटलेला नाही. पण कुणीतरी पटवाच... म्हणजे त्या दिवशी मी फक्त पाणीच बंद केलं, एवढंच होईल.