कॅमेऱ्यात फिल्म नव्हती

माझी मावशी उंच. इतकी, की शाळेच्या प्रत्येक फोटोत ती मागच्या रांगेत, कडेला, मान थोडी खाली घालून उभी दिसते. गल्लीत तिला शिडी म्हणत. हिच्या मापाचा नवरा आणायचा कुठून, ही आजोबांची काळजी. माझी आई तिच्याहून मोठी आणि बुटकी. आपले जुने कपडे उसवून, पट्ट्या जोडून ती मावशीसाठी लांब करायची आणि हिच्यापायी घरात कापड पुरत नाही म्हणून कुरकुरायची.

त्या उंचीचं चीज झालं ते तयार कपड्यांच्या दुकानात. मावशी तिथे विक्रीला उभी राहायची. मालकाच्या लक्षात आलं, की वर्षभर खुंटीवर लोंबकळलेला कोट हिच्या अंगावर चढला की त्याच दिवशी खपतो. त्याने तिला दुकानाच्या कॅटलॉगच्या फोटोंसाठी पाठवलं. तेव्हा ती अजून विशीलाही टेकली नव्हती.

स्टुडिओ एका छापखान्याच्या वर होता. जिन्यात शाईचा वास, वर लांबलचक खोली, भिंतीवरून जमिनीपर्यंत सोडलेला पांढरा कागद आणि कोपऱ्यात कपडे बदलायला दांडीवर टाकलेला पडदा. फोटो काढणाऱ्याला सगळे सर म्हणत. सर चाळिशीचे, जिभेवर साखर. मुलींना ‘पोरी’ म्हणायचे, दमली असशील तर बस म्हणायचे, कुणी शिंकलं तर खिडकी लावून घ्यायचे. मावशी घरी येऊन त्यांचं इतकं कौतुक करायची, की आजोबा एकदा म्हणाले, एवढं गोड बोलणारा माणूस एक तर देव असतो, नाहीतर विमा विकतो.

पण पुढच्या हंगामात कुणाला बोलवायचं, हे मालक सरांनाच विचारायचा. सर उघड कुणाला नाही म्हणत नसत. एखाद्या मुलीशी ते बोलेनासे होत आणि पुढच्या खेपेला ती मुलगी दिसत नसे. त्यामुळे सर आत आले की सगळ्याजणी आधी त्यांच्या चेहऱ्याचा अंदाज घेत.

उन्हाळी कपड्यांचे फोटो थंडीत काढतात, म्हणजे हंगाम येईपर्यंत कॅटलॉग छापून होतो. त्या दिवशी मावशी उघड्या दंडांनी दिवसभर काकडत उभी होती. काम संपलं, बाकीच्या गेल्या. ती पडद्यामागे कपडे बदलत असताना सर बाहेरून शांतपणे म्हणाले, की आता तू येऊ नकोस. मालकाला तू नको आहेस. अंगाने सुटलीस, चेहऱ्यात काही राहिलं नाही. आजोबांचं काम सुटलं होतं आणि घर मावशीच्या कमाईवर चाललं होतं. सरांना ते ठाऊक होतं. तिनेच विश्वासाने सांगितलं होतं. तिला रडू फुटलं. झगा कमरेपर्यंत उतरलेला, दुसरा कपडा अजून हातात आलेला नाही, तोच पडदा सर्रकन बाजूला झाला. तिने छातीवर हात धरले. कॅमेऱ्याचा खटका वाजला.

“घाबरू नकोस,” सर हसत म्हणाले. “कॅमेऱ्यात फिल्म नाही. दिवा तपासत होतो.”

मग म्हणाले, तोंड धुऊन ये वेडे, थट्टा केली, तुला कोण काढतंय? आणि खरंच, पुढच्या खेपेला तिला बोलावणं आलं. काम टिकल्याच्या आनंदात तीही त्या थट्टेला हसली. माझ्या आईला तिने एवढंच सांगितलं, की सरांची थट्टा जरा अंगावर येते. आई म्हणाली, मोठ्या माणसांचं असंच असतं. हे वाक्य पुढे आईला फार जड गेलं.

लग्न झाल्यावर मावशीने ते काम सोडलं. काका लिफ्ट दुरुस्त करतात. मावशीपेक्षा ते चांगले चार बोटं कमी, पण दिवसभर वर चढायचं असतं, घरी शिडी असलेली बरी, असं स्वतःच सांगून हसायचे. मावशी चष्म्याच्या दुकानात लागली. नाकावर फ्रेम बसवताना तिचा हात इतका हलका, की लहान मुलंही रडत नसत. मुलगी झाली, तीही उंच निघाली.

मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला गेले, त्या वर्षी हे सगळं वर आलं. मावसबहीण कॉलेजमधून आली, दप्तर न उतरवताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आई, बसस्टॉपवर एका मुलीचा फोटो लावलाय. अर्धी उघडी आहे, रडतेय. पोरं म्हणतायत, ती मीच आहे.”

मावशीने गॅस बंद केला आणि चपला घातल्या. मीही निघाले. स्टॉपवर काचेमागे पुरुषभर उंचीचा फोटो होता. ओला चेहरा, छातीवर हात, मागे पडदा. खाली लिहिलं होतं ‘निरागस’, त्याखाली सरांचं नाव आणि मोठ्या कलादालनातल्या प्रदर्शनाच्या तारखा. मावशीचं नाव कुठेच नव्हतं. तेवढ्याचाच तिला त्या क्षणी आधार वाटला, असं ती नंतर म्हणाली. एक बस आली, गेली. तिच्या शेजारी उभ्या एका बाईने फोटोकडे पाहून मान डोलावली आणि म्हणाली, काय डोळे पकडलेत.

घरी काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ स्क्रूड्रायव्हर पुसत बसले. मग म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची; कुणाला कळतंय ती तू आहेस ते? मावशी म्हणाली, मूठ माझी आहे, पण उघडून त्यांनी ठेवली आहे. काका वाईट नव्हते, भ्याले होते.

मावशी एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हात लावला होता का? नाही. धमकी? नाही. मग? कॅटलॉगच्या वेळी सगळ्या मुलींनी न वाचता एका कागदावर सही केली होती, की सरांनी काढलेले फोटो ते कुठेही वापरू शकतात; तिनेही केली होती. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, की खटला घालता येईल, पण वर्षानुवर्षं चालेल आणि दर तारखेला तोच फोटो टेबलावर येईल. जाताना त्यांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. मावशीला तोही नकोसा झाला.

तेव्हा तिने ठरवलं, की सरांनाच विचारायचं. मी सोबत गेले. सर म्हातारे झाले होते, पण त्यांनी तिला दारातच ओळखलं, बसायला खुर्ची ओढून दिली, चहा मागवला. पोरी, तू अमर झालीस, म्हणाले. मावशीने फोटो उतरवायला सांगितलं. सर नुसते हसले.

“तुम्ही म्हणाला होतात, फिल्म नाही,” मावशी म्हणाली.

“म्हटलं असेन. नाहीतर तू परत आली नसतीस.”

“आणि काम गेलं म्हणून सांगितलंत, ते?”

“त्याशिवाय तो चेहरा कसा आला असता? बाकी सगळ्या फोटोंत तू कोट अडकवायची खुंटी आहेस. त्या एकातच तू माणूस आहेस.”

आचाऱ्याने भाजीची कृती सांगावी तितक्या सहजपणे ते बोलत होते. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नव्हतं. निघताना आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि पायरी सांभाळ म्हणाले.

दोन दिवसांनी मावशीने दुकानातून सुट्टी घेतली, इस्त्रीचे कपडे घातले आणि तिकीट काढून कलादालनात गेली. आपल्या फोटोच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पाठ सरळ करून. लोक जवळ आले, की ज्या आवाजात ती गिऱ्हाइकांना नवीन चष्मा आधी थोडा थोडा वेळ लावा असं सांगायची, त्याच आवाजात म्हणायची: “ही मी आहे. मला खोटं सांगून रडवलं होतं. माझी परवानगी नाही. कृपा करून पाहू नका.”

लोक थबकत. तिच्याकडे बघत, फोटोकडे बघत, पुन्हा तिच्याकडे. नाक तेच आहे का, हनुवटी तीच आहे का, हे ताडून पाहत. म्हणजे एरवी उभ्या उभ्या पाहून पुढे गेले असते, ते आता तो फोटो निरखून निरखून पाहू लागले. एक मुलगी मात्र डोळे खाली घालून झटकन बाहेर गेली. बाकीच्यांनी फोन वर केले. शेवटी पहारेकरी आला. बिचारा ओशाळला होता, ताई, मला वरून सांगितलंय, म्हणाला. मावशी मुकाट्याने निघाली.

व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि दालनाबाहेर रांग लागली. वर्तमानपत्रांत कला मोठी की माणूस यावर विद्वानांनी आपापल्या बाजू मांडल्या. मावशीला विचारायला त्यांच्यातलं कुणी आलं नाही. सरांनी मुलाखतीत सांगितलं, की ती आली याचा मला आनंद आहे, फोटोतला सच्चेपणा यातूनच सिद्ध होतो. प्रदर्शनाची मुदत वाढवली. वर सरांचा मदतनीस घरी निरोप घेऊन आला, की मूळ फोटोसमोर उभं करून सरांना तुमचा आणखी एक फोटो काढायचा आहे, वय झाल्यावरचा. मावशीने त्याला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

घरातही घडी विस्कटली. मावसबहीण कॉलेजच्या दारात रोज कुणाचं तरी काहीतरी ऐकायची. एके संध्याकाळी ती केस पार बारीक कापून आली. कुणासारखं दिसायचं नाही मला, म्हणाली. काका शिडीचे विनोद करायचे बंद झाले. फोटो पुढे एका संग्रहालयाने विकत घेतला. आता तो तिथे कायमचा आहे.

मग फोन येऊ लागले. सरांकडे कधीकाळी काम केलेल्या बायकांचे. कुणी आजी झालेली, कुणी परगावी. व्हिडिओ पाहून त्यांनी नंबर मिळवला होता. एकीलाही मावशीच्या बाजूने उभं राहायचं नव्हतं, आणि मावशीनेही तसा आग्रह धरला नाही. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं, की प्रदर्शनाच्या जाड पुस्तकात आपण आहोत का. स्वतः उघडून पाहायचा धीर होत नव्हता. मावशीने ते पुस्तक आणलं होतं. ती फोन खांद्यात धरून पानं उलटायची, खुणा विचारायची आणि सांगायची.

एक दिवस मी शेजारी बसले होते. पलीकडची बाई खुणा सांगत होती: गालावर तीळ, मोकळे केस, खिडकीपाशी बाकडं. मावशीचा हात तशाच एका फोटोच्या पानावर थांबला होता. तीळ मलाही दिसत होता. बाकड्यावर ती मुलगी झोपलेली होती, पांघरूण घसरलेलं.

“नाही हो,” मावशी म्हणाली. “तुम्ही नाही यात. निर्धास्त राहा.”

पलीकडे ती बाई रडत आभार मानत राहिली. मावशीने पुस्तक मिटलं. मला हे पटलं नाही. मी म्हटलं, मावशी, हे खोटं आहे, उद्या तिच्या मुलीला कुणी दाखवलं तर?

“कळेल तेव्हा कळेल,” ती म्हणाली. “मला कळलं, त्याने काय झालं?”

ती उठली, दुपारची पाळी होती, डबा घेतला आणि दुकानात गेली.