दवाखान्यावाले पयले

गाडी थांब्यावर लागली की ते दारात उजवा हात आडवा धरून उभे राहायचे आणि ओरडायचे, "दवाखान्यावाले पयले! बाकीचे मंग!"

सिरोंच्याहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीचे ते कंडक्टर; सगळे त्यांना भाऊच म्हणत. मी तेव्हा अहेरीच्या शाळेत मास्तर होतो आणि दर शनिवारी त्याच गाडीनं घरी यायचो. गाडीत निम्मे लोक चंद्रपूरच्या दवाखान्यात निघालेले असत. सिरोंच्याकडे तेलुगू चालते, तिथं ते हाच हुकूम तेलुगूत सोडायचे.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या पोरांवर त्यांचा भारी राग. रुमाल दोन बोटांत उचलून विचारायचे, "याले तिकीट कुठलं देऊ?" पोरं हसत उठायची. एकदा मात्र कडक इस्त्रीतला एक गृहस्थ उठेना. समोर पोटाचं ऑपरेशन झालेली बाई दांडा धरून उभी. भाऊंनी बेलच दिली नाही. "मले घाई नाई," एवढंच म्हणाले आणि दारात तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभे राहिले. अख्खी गाडी त्या गृहस्थाकडे बघायला लागली, तेव्हा तो उठला.

निवृत्तीनंतर राजुऱ्यात आम्ही शेजारी झालो. काही वर्षांत त्यांचे हात कापू लागले, पावलं आखूड झाली. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. या आजाराची एक खोड तुमच्याही पाहण्यात असेल. बरा चालणारा माणूस उंबरठ्याशी येतो, अरुंद जागेत येतो, आणि पाय जमिनीला चिकटतात. मागून कुणी घाई केली तर आणखीच. वहिनींनी त्यावर तोड काढली होती. त्या मागून म्हणायच्या, "टिन् टिन्!" डबल बेल ऐकली की भाऊंचा पाय उचलायचा. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

बंगळुरूला त्यांच्या मुलीला मुलगी झाली. नातीला बघायला जायचं ठरलं. माझा मुलगाही तिथंच, म्हणून मी सोबत निघालो. मुलीनं तिकीट काढतानाच कळवून ठेवलं होतं, वडिलांना चाकाची खुर्ची द्या, विमानात सगळ्यांच्या आधी बसवा. नागपूरला एक मदतनीस मुलगी खुर्ची घेऊन आली. लांब चालायचं होतं म्हणून भाऊ कसेबसे बसले. मग पुकारा झाला, ज्यांना चढायला वेळ लागतो त्यांनी पुढे यावं.

"चला काका, आपण आधी जाऊ," ती म्हणाली.

भाऊ खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "नाई बाई. लोकाईले जाऊ दे. माह्यापायी ते काऊन थांबतीन?"

"भाऊ, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांना आधी चढवलं. आज तुमची पाळी," मी म्हणालो.

"ते बिमार होते, गुरुजी. मी काय बिमार आहो?"

वहिनींनी बाही ओढली. "अवो, ऐका नं. पोरीनं सांगतलं हाये." ऐकतील ते भाऊ कसले! ते रांगेच्या मधोमध जाऊन ताठ उभे राहिले.

शिडी नीट चढले. दारातून आत गेले. आणि खुर्च्यांमधल्या त्या अरुंद बोळीत पाय चिकटले. मागची रांग थेट शिडीपर्यंत थांबली. "अंकल, आगे चलो ना!" कुणी ओरडलं. एक जण पाठीवरच्या बॅगेसह घासून पुढे गेला. वहिनी मागून "टिन् टिन्, टिन् टिन्" म्हणत होत्या. त्यांचा आवाज रडवेला झाला, तरी पाय हलेना. भाऊंच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी हवाईसुंदरी आली. तिनं लोकांना थोपवलं, "सावकाश, काका" म्हणत त्यांचा हात धरला आणि जवळच्याच रिकाम्या जागेवर बसवलं. पोर फार चांगली होती. पण मग थांबलेले सगळे त्यांच्याकडे बघत बघत पुढे गेले. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते. झोप नव्हती ती.

बंगळुरूला नातीला मांडीवर घेऊन ते खुलले. पण परतताना हट्टानं रेल्वेच धरली, आणि त्या प्रवासानं आठवडाभर अंथरुणाला खिळले. त्यानंतर मुलगी दरवर्षी बोलवायची, हे टाळायचे.

"मी लोकाईची गाडी अडवली, गुरुजी."

"विमान वेळेवर सुटलं, भाऊ. मी होतो ना तिथं."

"सुटलं असन," ते म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी मला कुंपणापाशी बोलावलं. बोलणंही आता पुटपुटल्यासारखं झालं होतं. "गुरुजी, या बारी खुर्चीतच बसतो. सगळ्याईच्या पयले जातो. पोरीले सांगा."

मुलीनं लगेच तिकीट काढलं. पण आजार पुढे निघून गेला होता. घास गिळता येईना, सारखा ठसका लागायचा. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. दिवाळीच्या आधी भाऊ गेले. ज्या घरी त्यांना एवढं बोलावणं होतं, त्या घरी ते एकदाच राहून आले.

मला ते त्या शेवटच्या महिन्यांतले आठवतात. अंगणात खाटेवर बसलेले असायचे. संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल यायचा. पोरगी आता चुरुचुरु बोलायला लागली होती. "आजोबा, मोबाइल हलवू नका ना, तुम्ही दिसतच नाही!" मग ते मोबाइल वहिनींच्या हातात द्यायचे, आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचे, मान सावरायचे आणि जमेल तितकं स्थिर बसून हळूच विचारायचे,

"आता दिसून राह्यलो का, माय?"