चौसष्ट इंची स्थळ

समस्त घोडेमालक, त्यांचे सोयरेधायरे आणि इतर जबाबदार नागरिक यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, घोडीसाठी घोडा बघताना घोडीची उंची कानाच्या टोकापर्यंत मोजू नये. मोजल्यास काय प्रसंग ओढवतो, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आजही आठवलं की माझा हात आपोआप तोंडावर जातो. थोडा धक्क्यानं, बराचसा हसू दाबायला.

माझं औरंगपुऱ्यात ब्लाऊज शिवायचं दुकान. घोड्यांशी माझा संबंध इतकाच, की थोरली बहीण शेंद्र्याला दिलेली आणि तिच्या दारात एक घोडी. दाजी कंपनीत पाळीवर जातात, उरलेल्या वेळात शेत बघतात आणि तिथी असली की घोडी वरातीला नेतात. घोडी अस्सल देशी, ठेंगणी, पण नाचायला लागली की नवरदेवाकडं कुणी ढुंकून बघत नाही. तिची आई तिला जन्म देताना गेली. पिल्लू अडलं होतं, आणि ताई रात्रभर त्या घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मागं राहिलेल्या पिल्लाला तिनं शेळीच्या दुधावर, बाटलीनं वाढवलं. म्हणून त्या घरात घोडीचे मालक दाजी असले, तरी आई ताईच आहे.

गेल्या वर्षी एका वरातीत नवरदेव इतका लांबलचक निघाला की घोडीवर बसल्यावर त्याचे बूट रस्त्याला टेकायचे बाकी राहिले. वरून ड्रोन फिरत होता, त्यात सगळं आलं. मुलाच्या मामानं भर बँडात दाजींना विचारलं, घोडी आणली का शेळी? दाजींना तो शब्द फार लागला. त्यांनी ठरवलं की आता घोडीला पिल्लू होऊ द्यायचं आणि ते उंच होऊ द्यायचं, त्यासाठी बाप उंच आणायचा. लग्नाच्या तिथी संपल्या आणि ते स्थळं बघायला लागले.

मी 'स्थळं' म्हणते ते उगाच नाही. दाजींना दुसरी पद्धत माहीतच नव्हती. घोडीचे फोटो काढताना त्यांनी तिच्या कपाळाला गोंडा बांधला. अंगावरचे भोवरे शुभ का अशुभ, ते जाणकाराकडून बघून घेतलं. आणि उंची लागेल म्हणून माझ्या दुकानातली मापाची टेप मागून नेली. ती मी दिली. ब्लाऊजला पुरते, घोडीला का नाही पुरणार, असा माझा हिशेब. ती साठ इंचांवर संपली. वरचं माप दाजींनी चार बोटं धरून अंदाजानं लावलं, कारण घोडीनं मान ताठ केली होती, कान टवकारले होते आणि दाजी खुरापासून कानाच्या टोकापर्यंत मोजत होते. मुलीची उंची डोक्यापर्यंतच मोजतात, मग घोडीची का नाही?

वेरूळच्या अलीकडं एका बागाईतदारांकडं उंच, नामांकित घोडा होता. त्यांनी फोनवर सांगितलं, घोडा चौसष्ट इंच. दाजींनी सांगितलं, आमचीबी चौसष्ट. मालक खूश झाले. अशी मोठ्या हाडाची घोडी आता मिळते कुठं, असं म्हणाले. दाजींनी फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं, जोडा शोभतोय. फक्त एक खंत त्यांना होती. नवरा नवरीपेक्षा जरा तरी वर पाहिजे होता.

उंची हा दाजींचा नाजूक विषय आहे. का, ते सगळ्या घराला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. ताई त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे. लग्नात दाजी अंतरपाटाच्या पलीकडं एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवर उभे होते. तेव्हापासून फोटो काढायचा म्हटला की ते आधी खुर्ची शोधतात. माझे दोन्ही भाचे आता दारातून वाकून आत येतात, आणि बापाला त्यांच्याशी बोलताना वर बघावं लागतं.

तर ठरलेल्या सकाळी घोडी टेम्पोत चढली. दाजी इस्त्रीच्या शर्टात, ताईच्या पिशवीत नारळ. मी का गेले? असं स्थळ बघायला पुन्हा कोण बोलावणार होतं मला?

मालक बाहेर आले. पांढरी मिशी, पायात स्पोर्ट्सचे बूट. त्यांनी टेम्पोकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं आणि मग टेम्पोत आणखी एखादी घोडी आहे का, म्हणून मागं वाकून पाहिलं. मग फार अदबीनं त्यांनी विचारलं, मोठी कुठंय? दाजी म्हणाले, हीच. मालकांनी एक काठी आणली. ती खांद्याच्या मागं, मान जिथं संपते त्या उंचवट्याला लावली. घोड्यांची उंची तिथवरच मोजतात, मान आणि कान हिशेबात नसतात. घोडी पन्नास भरली.

एवढ्यावर दाजींनी माघार घ्यायला हवी होती. पण त्यांचे डोळे उलट चमकले. म्हणजे नवरा चौदा इंच वर. आता जोडा खरा शोभला, असं त्यांचं मत पडलं.

मालकांनी आम्हा बायकांना आत बसून चहा घ्यायला सुचवलं, हे बघायचं काम नाही म्हणून. ताई हलली नाही. मग मीही हलले नाही, पण माझं कारण ताईइतकं पवित्र नव्हतं.

आधी फळ्यांच्या एका भिंतीपलीकडं एक लहानसा तांबडा घोडा आणला. घोडी राजी आहे का, हे विचारायला तो असतो, असं मालक म्हणाले. त्यानं भिंतीवरून नाक पुढं केलं, हलकेच फुरफुरला. आमची घोडी, जिनं आजवर जवळ येणाऱ्या प्रत्येक घोड्याला लाथ दिली आहे, ती कान सैल सोडून शांत उभी राहिली. मला वाटलं, जमलं. तर मालकांनी तांबड्याला मागं ओढलं. त्याचं काम झालं होतं. बोलणी त्यानं करायची, बोहल्यावर दुसऱ्यानं चढायचं. इतका अन्याय मी चाळीस वर्षांच्या लग्नसराईत पाहिला नव्हता.

आणि मग मोठा आला.

मला वाटलं, गोठ्याची भिंतच चालत आली. मी वेरूळच्या लेण्यातला दगडी हत्ती पाहिला आहे, पण तो जागचा हलत नाही म्हणून त्याची भीती वाटत नाही. हा मागच्या पायांवर उभा राहिला आणि किंचाळला. त्याच्या सावलीत आमची घोडी, टेम्पोचा निम्मा भाग आणि दाजी, सगळे मावले. यानंतर मी जे पाहिलं ते मी सुशिक्षित शिंपीण असूनही मोजमापात सांगणार नाही. माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं आणि ते पूर्ण झालं नाही. घोडी थरथरायला लागली आणि ताईच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली.

मालकांनी घोडा आवरला. पिल्लू बहुतेक आईच्या पोटाच्या मापानंच वाढतं, म्हणाले, पण त्या भरवशावर कुणी इतका फरक ठेवत नाही. घोडा दोन-चार इंच वर असला तर चालून जातं. हे असलं ओझं पहिलटकरणीच्या कमरेवर आलं तर ती आजच बसेल, आणि पुढं पिल्लू अडलं तर काय, ते विचारू नका.

अडलं, हा शब्द ऐकून ताई पांढरी पडली. दाजी मात्र अजून घोड्याकडंच बघत होते. जरा धरून उभी केली तर, असं काहीतरी ते पुटपुटले.

ताईनं हात लांब करून बाजूला बांधलेल्या तांबड्याकडं बोट दाखवलं. "तो द्या."

मालक गोंधळले. त्याला आजवर कुणी मागितलाच नव्हता. बावन्न इंच, चालीला गोड, अंगानं निरोगी, खोड एकच, बुटका. पण देता येईल, म्हणाले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण शेवट मला ताईच्या तोंडी ठेवायचा आहे. यंदा घोडी सुखरूप व्याली. ताई परत डोकं मांडीवर घेऊन बसली होती, पण या खेपेला घोडी तासाभरात उठून उभी राहिली आणि पिल्लाला चाटायला लागली. पिल्लू तांबडं आहे. उंच होईल असं दाजी रोज म्हणतात.

पण त्या सकाळी दाजींचा चेहरा पडला होता. त्यांनी तांबड्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खाली यायला फारसा वेळ लागला नाही, आणि मालकांसमोर ताईला म्हणाले, "असला बुटका नवरा करायचा व्हय? लोक हसतील की."

ताईनं घोडीच्या मानेवरचा हात काढला नाही.

"अवं, तुम्ही दोन पाटांवर चढून माझ्याशी लग्न केलं, तरी पोरं सहा-सहा फुटांची झालीच ना. उंचीचं मी बघते, तुम्ही दोर धरा."