देवीच्या कथा आणि सुमनअक्का

सुमनअक्कांचा आणि माझा परिचय सप्तशृंगगडाच्या वाटेवर झाला. ऐंशीच्या दशकातला चैत्र होता. धुळ्याहून पायी निघालेल्या मंडळीत मी नुकताच लागलेला शिक्षक होतो, आणि अक्का चोपड्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. मार्कंडेय ऋषींचं पुराण ऐकण्यासाठी देवीने मान कलती केली, ही कथा मी ऐटीत सांगितली. अक्कांनी वही काढली.

"कुणाकडून ऐकलीत?"

"मावशीकडून."

"त्यांचं नाव?"

कथेखाली त्यांनी मावशीचं नाव लिहून घेतलं. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य.

खानदेशातल्या देवस्थानांच्या कथा अक्कांनी एसटीने आणि पायी हिंडून गोळा केल्या. त्यांचं मोठेपण मला कळलं ते सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या एका लहान देवस्थानाने त्यांच्याकडे माहात्म्य-पुस्तिका लिहायचं काम सोपवलं. "सतीचं बोट इथं पडलं, असं घाला. भाविक वाढतील," असा अध्यक्ष आबांचा आग्रह.

"आबा, हे पोथीत नाही आणि इथल्या कुणाच्या तोंडीही नाही. मी लिहिणार नाही," अक्का शांतपणे म्हणाल्या.

मोहफुलं वेचणाऱ्या तिथल्याच रुमलीबाईंनी अक्कांना वेगळीच कथा सांगितली होती. दुष्काळात पाणी शोधणाऱ्या मुलीमागे राक्षस लागला. तिने खडकावर घाव घातला, झरा फुटला, राक्षस वाहून गेला, आणि ती तिथेच देवी होऊन बसली. जंगलातल्या बाईची गोष्ट पुस्तकात कशाला, म्हणून काहींनी नाकं मुरडली. छपाई वर्षभर अडली. अक्कांकडून काम काढून घेण्याची भाषा झाली.

अक्का भांडल्या नाहीत. त्या आबांना घेऊन रुमलीबाईंच्या अंगणात गेल्या. मीही सोबत होतो. गोष्ट संपल्यावर आबा रुमलीबाईंकडे वळले. मग म्हणाले, "मनी मायबी हाईच सांगे. मीच इसरी गऊ." त्यांची आईही हीच गोष्ट सांगायची, तेच विसरले होते.

पुस्तिका रुमलीबाईंच्या नावासह निघाली. अक्कांनी ती त्यांना वाचून दाखवली. कथेत मुलीच्या हातात 'विळा' असा शब्द छापला गेला होता. "इळा नही, कुऱ्हाड," रुमलीबाई म्हणाल्या. आम्ही दोघांनी दोन दिवस बसून प्रत्येक प्रतीत तो शब्द पेनाने दुरुस्त केला.

माझ्या पत्नीच्या बाळंतपणात अक्कांनी आठ दिवस आमचं घर सांभाळलं. निघताना साडी घेतली नाही; माझ्या सासूबाईंकडून कानबाई देवीची कहाणी तेवढी लिहून नेली.

आज अक्का पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, तरी "सावद्याकडच्या कथा राहिल्यात," असं त्या परवाच म्हणाल्या. त्या साऱ्या लिहून होतील इतकं निरोगी, चालतं-फिरतं आयुष्य त्यांना लाभो. आणि एसटीत त्यांच्या शेजारची जागा आम्हां शिष्यांना मिळत राहो.