अकरा नंबरची जागा

हेमाच्या मिस्टरांचा फोन मी दोनदा कट केला होता. सकाळची प्रॅक्टिस चालू होती, पोरी पळायचं सोडून गप्पा मारत होत्या आणि मी त्यांची खरडपट्टी काढत होते. अशा वेळी मी कुणाच्या बापाचाही फोन घेत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा खेकसूनच उचलला. ते इतकंच म्हणाले, "शालूताई, हेमा पहाटे गेली." मी म्हणाले, बरं. आता काय सांगू... तीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली आणि माझ्या तोंडातून ‘बरं’ निघालं. फोन खिशात टाकून मी उरलेली वीस मिनिटं प्रॅक्टिस घेतली, मग सरोजिनी नगरला तिच्या घरी गेले. तिला पाहिलं, तिच्या सासूबाईंना पाणी दिलं, स्मशानात जाणाऱ्या गाड्यांची व्यवस्था केली. डोळ्यांत टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. कसली खंबीर, दगड झाले होते नुसती.

आम्ही दोघी लखनौच्या एकाच मुलींच्या कॉलेजात शिकलो. माझे वडील मूळचे साताऱ्याचे, एअरफोर्समध्ये, आम्ही बख्शी का तालाबच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. तिचे वडील रेल्वेत इंजिनिअर, भुसावळहून बदलून आलेले. बास्केटबॉलच्या टीममध्ये मराठी अशा आम्ही दोघीच, आणि त्याचा आम्ही भरपूर फायदा उठवला. भर मॅचमध्ये ती मला ओरडून सांगायची, डावीकडनं ये, त्या जाडीला दम लागलाय... समोरच्यांना काही कळायचं नाही. एकदा कानपूरच्या टीममधली ती जाडी वळली आणि शुद्ध नागपुरी ठसक्यात म्हणाली, जाडी कोणाले म्हणते गं? फौजी बापाची पोरगी निघाली. हेमा इतकी हसली की तिच्या हातातला बॉल त्या मुलीनं तसाच काढून नेला. पण त्यानंतरचे सलग सात बास्केट हेमानं टाकले, डाव्या हातानं, आणि प्रत्येक बास्केटनंतर त्या मुलीला वाकून सॉरी म्हणाली. अशी होती ती. पुढे खेळाच्या जोरावर तिला रेल्वेत नोकरी लागली, मी त्याच कॉलेजात खेळाची शिक्षिका झाले. रविवारी ती कोर्टावर यायची, माझ्या पोरींना नेम शिकवायची आणि मी किती वाईट शिकवते ते माझ्यासमोरच सांगायची.

लखनौचं थंडीतलं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. कोर्टाच्या मध्ये उभं राहिलं तर दोन्ही टोकांचे बास्केट दिसत नाहीत. बॉलचा आवाज येतो, बॉल दिसत नाही, दिसतो तेव्हा नाकावर आलेला असतो. आमचे कोच, त्यांना सगळे मास्टरसाहेब म्हणत, धुक्यासाठी प्रॅक्टिस बंद ठेवणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एक रीत घातली होती. शिट्टी वाजली की जिथल्या तिथे थांबायचं आणि प्रत्येकीनं आपापला जर्सी नंबर क्रमानं ओरडायचा. त्या काळी या खेळात नंबर चार ते पंधरा एवढेच असत, बारा खेळाडूंचे बारा. चारपासून पंद्रहपर्यंत आवाज आले की सगळ्या धड आहेत. एखादा आला नाही की समजायचं, कुणीतरी खांबावर आपटून पडलंय. हेमाचा नंबर अकरा. पहिल्या दिवशी घाबरून तिच्या तोंडून ‘ग्यारह’च्या जागी ‘अकरा’ निघालं. सगळ्या हसल्या. मास्टरसाहेब हसले नाहीत. म्हणाले, यही रहने दो, अलग सुनाई देता है. मग तीन वर्षं दस आणि बारहच्या मध्ये तिचं ‘अकरा’ यायचं, जरा उशिरा, जरा नाकातून. बारा नंबर माझा होता. तिचा आवाज आल्याशिवाय मला तोंड उघडता यायचं नाही, त्यामुळे त्याची वाट बघायची सवय हाडात मुरली.

नोव्हेंबरात ती हॉस्पिटलमध्ये होती, अंगात काही उरलं नव्हतं. मी तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं कुठलंसं कॉलेज, केवढा मोठा हॉल, आणि एका मुलीची जर्सी दोरीनं वर वर छपरापर्यंत चढवत होते. आता हा नंबर त्या कॉलेजात पुन्हा कुणी घालायचा नाही, असा तो मान. माणसं रडत होती. हेमानं मान उंचावून शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाली, "छान आहे गं. पण आपल्याला छप्पर कुठंय? कोर्टामागच्या जांभळाच्या झाडाला टांगशील?" आणि हसता हसता तिला असा ठसका लागला की नर्सनं मला बाहेर काढलं. तीच शेवटची भेट. मी त्यातलं ‘छान आहे गं’ तेवढं घरी घेऊन आले, बाकीचं सोयीस्करपणे तिथंच सोडलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्राचार्य मॅडमपुढे जाऊन उभी राहिले. अकरा नंबर कायमचा निवृत्त करायचा. मॅडम भल्या बाई, लगेच हो म्हणाल्या. आता खरी गोष्ट अशी, की हेमाची जर्सी शिल्लकच नव्हती. आमची होती मरून रंगाची, ती कधीच पोतेरी झाली. आत्ताच्या निळ्या सेटमधली अकरा नंबरची जर्सी फरहीन नावाची फर्स्ट इयरची मुलगी घालत होती. मलिहाबादची, वडिलांची आंब्याची छोटी बाग, पहाटेच्या बसनं येणारी, बोलायला कमी आणि पळायला वाऱ्यासारखी. मी तिच्याकडून ती मागून घेतली. म्हटलं, तुझ्यासाठी सोळा नंबरची शिवून घेऊ, आता चालतो कुठलाही नंबर, तोवर पायरीवर बस. तिनं धुऊन, घडी घालून आणून दिली. ती काचेच्या फ्रेममध्ये बसवून स्पोर्ट्‌स रूममध्ये लावली, हार घातला, भाषण मीच केलं. पोरींना सांगितलं, धुक्यात मोजताना दसनंतर एक श्वास थांबायचं, ती हेमामॅमची जागा. सगळ्यांना फार आवडलं. मला तर फारच.

मग जानेवारीत टूर्नामेंटचे फॉर्म आले. जुनेच छापलेले, चार ते पंधरा असे बारा रकाने. सोळाला रकानाच नव्हता. मी आयोजकांना फोन केला, तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले की मॅडम, ग्यारह खाली है न आपका, उसी में डालिए. मी तडकले. तो नंबर रिकामा नाही, निवृत्त आहे, असं त्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं आणि अकराचा रकाना तसाच कोरा सोडून फॉर्म टेबलावर ठेवून दिला. पाठवायला आठवडा होता. फरहीनच्या वर्गातल्या मुलीकडून मला कळलं, की यादीत नाव आलं नाही तर तिचे वडील पहाटेच्या बसनं पाठवणं बंद करणार आहेत. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पुढच्या वर्षी बघू असं म्हणून मी विषय संपवला.

त्याला कारण होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. धुकं उतरलं त्या पहिल्याच सकाळी मी शिट्टी वाजवली. चार, पाँच, छह... नौ, दस. पोरी एक श्वास थांबल्या. आणि पलीकडच्या खांबाजवळून, जरा उशिरा, जरा नाकातून, आवाज आला... अकरा. मग बारह, तेरह, जसं काही झालंच नाही. मी खांबापर्यंत चालत गेले. तिथं ओलं सिमेंट होतं, बाकी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही, मला आनंद झाला. मी सकाळी उठून आधी खिडकीतून धुकं आहे का बघायची. ऊन पडलं तर दिवसभर चिडचिड. रविवारीही प्रॅक्टिस ठेवली. दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवू लागले. पोरी एकेक करून ताप, पोटदुखी अशा सबबी सांगायला लागल्या, त्यांनाही मी आळशी म्हणून झापलं.

फरहीन मात्र रोज येत होती. तिला खेळायला नव्हतं, तरी पायरीवर मफलर गुंडाळून बसायची. एक दिवस प्रॅक्टिस सुटल्यावर ती स्पोर्ट्‌स रूमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "मैम, लड़कियाँ डरती हैं। आपसे कोई कहेगा नहीं। हम तो टीम में हैं नहीं, तो हम कह देते हैं।" मला वाटलं, यांनाही ऐकू येतंय तर. मी म्हटलं, डरने की क्या बात है, वो किसी का बुरा नहीं करेंगी. ती हळूच म्हणाली, "मैम... वो आप बोलती हैं। आवाज़ बदलकर।"

मी तिला हाकलूनच देणार होते. पण गेले दोन आठवडे माझा घसा खवखवत होता. मी रोज हळद-दूध पीत होते आणि धुक्याला दोष देत होते. आणि तो खवखवणारा घसा मी तिच्यासमोरच हातानं चाचपला. कब से, असं विचारलं. ती म्हणाली, पहले दिन से. हम पास ही बैठते हैं न, आपका मुँह दिखता है. ज्या खांबाजवळून आवाज आला असं मी शपथेवर सांगितलं असतं, त्या खांबाजवळ काही नव्हतंच. मी एका जिवंत पोरीला पायरीवर बसवलं होतं आणि तिच्या जागेवर रोज सकाळी मीच उभी राहत होते, हेमाचा आवाज काढून. आपल्याच घशाचा आपल्याला पत्ता नसावा?

मी भिंतीवरून फ्रेम काढली, मागचे खिळे स्क्रू-ड्रायव्हरनं उपटले. मोठमोठ्या कॉलेजांनी नंबर निवृत्त करावेत, त्यांच्याकडे शंभर नंबर आहेत आणि छप्परही आहे. आमच्याकडे एक नंबर उचलला की एक पोरगी उठते. जर्सी फरहीनच्या हातात दिली तर ती मागे सरली. म्हणाली, मैम, इसमें कुछ है तो नहीं? मी म्हटलं, "तुम्हारा ही पसीना है बेटा। उन्होंने तो ये पहनी भी नहीं थी।" मग तिच्यासमोर अकराच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. प्राचार्य मॅडमना काय सांगायचं ते मी अजून ठरवते आहे.

दोन दिवस ऊन पडलं, तिसऱ्या दिवशी धुकं आलं. मी शिट्टी वाजवली आणि तोंडातून काढलीच नाही, दातांत घट्ट धरून ठेवली. तोंड बंद असलं म्हणजे काही निघायला नको. चार, पाँच, छह, सात... नौ, दस. आणि माझ्या पोटातून श्वास वर आला. मी आणला नव्हता, देवाशपथ. तो त्या शब्दासाठी निघाला होता आणि वाटेत शिट्टी होती. बारीक, कापरी शिट्टी वाजली, बरोबर फरहीनच्या ‘ग्यारह’वर. पोरी गोंधळल्या. पण रीत ती रीत, शिट्टी वाजली की मोजायचं. त्यांनी पुन्हा चारपासून सुरुवात केली. मी शिट्टी हातात घेतली आणि तोंड उघडं ठेवून उभी राहिले. दस. ग्यारह, मलिहाबादचा जाड, झोपाळू आवाज. बारह, तेरह, चौदह, पंद्रह. बारा आवाज. कुणीही कमी नव्हतं. हेमा गेली हे मला तेव्हा कळलं. पोरी धुक्यात जिथल्या तिथे पुढच्या शिट्टीसाठी थांबल्या होत्या, आणि मला ती वाजवायला बराच वेळ लागला.